‘दमलात का?’ हे मलय भाषेत कसं विचारायचं

काही वर्षांपूर्वी आरोग्य पाहणीच्या कामासाठी मी खेडोपाडी फॉर्म भरून घेत फिरायचे. एका आजींना मी प्रश्न वाचून दाखवला, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा दमल्यासारखं वाटलं?’ आजी लगेच म्हणाल्या, “दमा न्हाई बाई मला. दमा माझ्या जावेला.” मी ‘कधीच नाही’पुढे खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. निघताना पाण्याचा तांब्या पुढे करत त्या म्हणाल्या, “आताशा पार गळून जाते गं. सकाळी चूल पेटवायचंसुद्धा जिवावर येतं.” मी पिशवीतून फॉर्म परत काढला आणि खूण खोडली. कागदावर जिला थकवा म्हणून नव्हताच, ती बाई थकव्याने भिंतीला टेकून उभी होती.

दमणं, दम लागणं, दमा. शब्द एकाच घरातले, पण पहिला थकव्याचा, दुसरा धाप लागण्याचा आणि तिसरा श्वासाच्या आजाराचा. पुढे मलय भाषेतल्या प्रश्नावल्यांबद्दल वाचू लागले तेव्हा मला याच घराचा मलय शेजार सापडला. मलय भाषेत ‘ललाह’ म्हणजे दमलेला, थकलेला. आणि मलेशियात ‘साकित ललाह’ म्हणजे दमा. कोव्हिडच्या साथीत, जेव्हा प्रत्येक माणूस आपल्या श्वासाकडे कान लावून बसला होता, तेव्हा एखाद्या फॉर्मवर ‘तुम्हाला ललाह वाटतं का?’ असं विचारलं असतं तर उत्तर थकव्याचं आलं असतं की श्वासाचं?

ही अडचण एका शब्दाची नाही. साथीमुळे आलेली मनाची आणि शरीराची दमणूक मोजणारी एखादी प्रश्नावली मलय भाषिकांसाठी तयार करायची, तर काय काय करावं लागतं ते या लेखात नीट उलगडून सांगते. ‘इंग्रजीतून भाषांतर करायचं, त्यात काय एवढं?’ असं मलाही एकेकाळी वाटायचं.

आधी प्रश्नावलीविषयी. साथीच्या पहिल्याच वर्षी, २०२० मध्ये, मुरात यिल्दिरिम आणि फातमा सोलमाझ या तुर्कस्तानातल्या संशोधकांनी ‘कोव्हिड-१९ बर्नआउट स्केल’ नावाची एक छोटी मापिका तयार केली. तिच्यात अवघी दहा विधानं आहेत. ‘कोव्हिडचा एकूण विचार करता तुम्हाला पुढील गोष्टी किती वेळा जाणवतात?’ असं सुरुवातीला विचारायचं आणि खाली एकेक भावना : थकल्यासारखं वाटणं, माणसांबद्दल निराशा, आशा संपणं, अडकून पडल्यासारखं वाटणं, असहाय वाटणं, उदास वाटणं, अंगात त्राण नसणं, आपण काही कामाचे नाही असं वाटणं, झोप न लागणं आणि शेवटी ‘आता पुरे झालं!’ प्रत्येक विधानाला ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशी एक ते पाच गुणांची उत्तरं. म्हणजे बेरीज कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५०.

ही दहा विधानं त्यांनी शून्यातून लिहिली नव्हती. इस्रायली मानसशास्त्रज्ञ आयाला मलाख-पाइन्स यांनी २००५ मध्ये आपल्या जुन्या २१ प्रश्नांच्या मापिकेचं दहा प्रश्नांचं छोटं रूप प्रसिद्ध केलं होतं. त्यात सुरुवातीचा प्रश्न कामाबद्दलचा होता. तुर्की संशोधकांनी ते डोकं काढून तिथे कोव्हिड बसवला. धड तेच राहिलं.

असं डोकं बदलणं योग्य आहे का, हा वाद आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात आणला तो न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक हळूहळू कसे विझत जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टीना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांची २२ प्रश्नांची मापिका आली. तिने या अवस्थेचे तीन भाग पाडले : भावनिक दमणूक, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. तो आजार नाही, नोकरी-व्यवसायाशी जोडलेली स्थिती आहे आणि आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

मग साथीने दमलेल्या गृहिणीला ‘बर्नआउट’ म्हणायचं नाही का? पाइन्स यांची भूमिका मला इथे जास्त पटते. भावना पिळून काढणाऱ्या परिस्थितीत माणूस फार काळ गुंतून राहिला की शरीर, भावना आणि विचार तिन्ही थकतात, एवढीच त्यांची अट होती. त्यांनी तर वैवाहिक जीवनातल्या दमणुकीसाठीही मापिका केली. नाव काय द्यायचं ते ठरवणारे ठरवोत. दीड वर्ष घरात कोंडलेल्या, मुलांची ऑनलाइन शाळा आणि सासऱ्यांचं औषधपाणी एका हाताने करणाऱ्या बाईला पगार मिळत नाही म्हणून तिची दमणूक मोजायचीच नाही, हे मला मान्य नाही.

आता मलेशिया. तिथे १८ मार्च २०२० रोजी संचारबंदी सुरू झाली. तिचं नाव ‘परिन्ताह कावालान पर्गराकान’, लोकांच्या तोंडी नुसतं ‘पीकेपी’. सुरुवातीच्या दिवसांत वाणसामानासाठी घरातल्या एकानेच आणि १० किलोमीटरच्या आतच बाहेर पडायचं होतं. निर्बंध सैल झाले, पुन्हा आवळले. जानेवारी २०२१ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली, जूनमध्ये पुन्हा पूर्ण टाळेबंदी. त्या उन्हाळ्यात ज्या घरात खायला उरलं नव्हतं त्यांनी दारावर पांढरं फडकं लावायचं आणि शेजाऱ्यांनी न विचारता मदत पोचवायची, अशी ‘बन्देरा पुतिह’ म्हणजे पांढऱ्या झेंड्याची मोहीम पसरली. २६ जुलैला कंत्राटी डॉक्टर काम थांबवून रुग्णालयांबाहेर आले. ऑगस्टमध्ये रोजचे नवे रुग्ण २० हजारांच्या वर गेले.

हे सगळं सांगायचं कारण असं, की दहापैकी चौथं विधान ‘अडकून पडल्यासारखं वाटतं’ हे आहे. मलय भाषेत त्याला ‘तरपरांगकाप’ हा सरळ शब्द आहे. ‘परांगकाप’ म्हणजे सापळा. पाइन्स यांनी हा शब्द लिहिला तेव्हा तो रूपक होता : नोकरीत, परिस्थितीत अडकल्यासारखं. पण पीकेपीच्या काळात क्वालालंपूरमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस खरोखरच अडकलेला होता. त्याने ‘नेहमी’वर खूण केली तर तो मन सांगतोय की पत्ता? भाषांतर बिनचूक असूनही प्रश्न बदलून गेला. शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही.

म्हणून या कामाची एक पद्धत ठरलेली आहे. ती वरवर किचकट वाटते, पण तिच्या प्रत्येक पायरीमागे कुणाला तरी लागलेली ठेच आहे. आधी दोन माणसं एकमेकांशी न बोलता मूळ मसुद्याचं मलय भाषांतर करतात. शक्यतो त्यांतला एक विषयातला जाणकार असावा आणि दुसरा भाषेतला, ज्याला मानसशास्त्राची परिभाषा ठाऊकच नाही. मग दोन्ही भाषांतरं शेजारी ठेवून एक मसुदा ठरतो. त्यानंतर तिसरा माणूस, ज्याने मूळ प्रश्नावली पाहिलेलीच नाही, तो मलय मसुदा पुन्हा इंग्रजीत नेतो. याला उलट भाषांतर म्हणतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही रीत मांडली. परतीच्या प्रवासात अर्थ कुठे सांडला ते त्यातून दिसतं.

पण उलट भाषांतरावर फार विसंबू नये, असं माझं मत आहे. समजा कुणी ‘थकल्यासारखं’साठी ‘ललाह’ घातलं. उलट भाषांतर करणारा शिकलेला माणूस त्याचं इंग्रजीत पुन्हा ‘थकलेला’च करील आणि सगळे समाधानाने मान डोलावतील. दमा कुठेच दिसणार नाही. तो दिसेल फक्त फॉर्म भरणाऱ्याच्या डोक्यात.

मलय भाषेत थकव्याला शब्द भरपूर आहेत, आणि प्रत्येकाचा पोत निराळा. ‘पनात’ हा रोजचा : बाजारातून पिशव्या घेऊन आलं की माणूस पनात असतो. ‘लतिह’ त्याच्या शेजारचा, जरा अधिक खोल. ‘लसू’ म्हणजे मरगळलेला, तेज उतरलेला. मलेशियातल्या अभ्यासकांनी बर्नआउटला जो प्रतिशब्द वापरला आहे तो ‘लसू उपाया’. मराठी वाचकाचे कान इथे टवकारतील, आणि बरोबरच आहे, कारण ‘उपाया’ हा आपलाच ‘उपाय’. संस्कृतातून तो दोन्हीकडे गेला. आपल्याकडे तो इलाज झाला, तिकडे क्षमता. म्हणून अपंग व्यक्तींना मलेशियात ‘ओरांग कुरांग उपाया’ म्हणतात, क्षमता कमी असलेली माणसं. ‘लसू उपाया’ म्हणजे ज्याची क्षमताच मरगळली आहे तो. शब्द सुंदर आहे. पण भात लावणारा किंवा टॅक्सी चालवणारा मलय माणूस स्वतःबद्दल बोलताना तो वापरेल का? शीर्षकात तो शोभतो. प्रश्नात ‘पनात’च हवा.

संस्कृतचा हा समान वारसा मोहात पाडणारा आहे. ‘रासा’ म्हणजे जाणवणं, आपल्या ‘रसा’तून आलेलं. ‘सुका’ आणि ‘दुका’ म्हणजे सुख आणि दुःख, पण ‘सुका’चा रोजचा अर्थ ‘आवडणं’ इतका हलका झालाय. ‘बिसा’ म्हणजे विष, पण शेजारच्या इंडोनेशियात ‘बिसा’ म्हणजे ‘शकणं’. म्हणूनच इंडोनेशियन भाषेत तयार असलेला मसुदा उचलून मलेशियात वापरता येत नाही. दोन्ही भाषा बहिणी आहेत, आणि बहिणींचे शब्द सारखे असले तरी त्यांची घरं वेगळी असतात.

सगळ्यात अवघड विधान, माझ्या मते, तिसरं : ‘आशा संपल्यासारखं वाटतं.’ मलय भाषेत याला तयार शब्दप्रयोग आहे, ‘पुतूस आसा’. ‘पुतूस’ म्हणजे तुटलेलं आणि ‘आसा’ ही आपली आशाच. अगदी आपण म्हणतो तसं, आशा तुटली. भाषांतरकाराला वाटेल, यापेक्षा नेमकं काय हवं? पण मलय माणसं बहुतांश मुस्लिम आहेत आणि कुराणातल्या ३९ व्या अध्यायातलं एक वचन त्यांच्या परिचयाचं असतं : अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. मलय भाषांतरात तिथे हेच शब्द येतात, ‘पुतूस आसा’. त्यामुळे या विधानापुढे ‘नेहमी’ अशी खूण करणं म्हणजे मनाची अवस्था सांगणं एवढंच राहत नाही. श्रद्धा डळमळल्याची कबुली दिल्यासारखंही ते होऊ शकतं. रात्रभर तळमळणारा माणूसही इथे ‘कधीच नाही’ लिहील, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटं नसेल. आशा तुटलेली नाही, सबुरी ठेवली आहे, फक्त पुढचं काही दिसत नाही. मग प्रश्नात ‘पुढे सगळं सुधारेल असं वाटत नाही’ अशी थोडी दूरची वाट घ्यावी का? तशी घेतली तर मूळ विधानाशी इमान राहतं का? इथे भाषांतरकार, मानसोपचारतज्ज्ञ आणि एखादा साधा घरगुती माणूस, तिघांनी एकत्र बसूनच ठरवावं लागतं.

तसंच आठव्या विधानाचं. ‘मी काही कामाचा नाही’ याला ‘तिदाक बर्गुना’ म्हणता येईल; ‘गुना’ म्हणजे आपला ‘गुण’, तिकडे अर्थ झाला उपयोग. पण बोलीत ‘ताक गुना!’ ही चक्क शिवी आहे, नालायक म्हणावं तशी. फॉर्मवर माणसाला स्वतःलाच शिवी घालायला लावायची का? ‘उदास’ला ‘मुरुंग’ म्हणावं तर त्याच शब्दापासून नैराश्याच्या आजाराचं नाव बनलं आहे, त्यामुळे माणूस बिचकतो. ‘तर्तकान’ म्हणावं तर त्याचा अर्थ दडपणाखाली असलेला, म्हणजे ताणाकडे झुकणारा. आणि लोक बोलताना काय म्हणतात? ‘टेन्शन’. आपल्यासारखंच. हा शब्द मलय बोलीत इतका मुरलाय की तो परका राहिलेला नाही, पण अभ्यासाच्या फॉर्मवर त्याला जागा द्यायला विद्वानांचा हात कचरतो.

भावनांचं स्थानही भाषेगणिक हलतं. मलय भाषेत भावना ‘हाती’मध्ये राहतात, आणि ‘हाती’ म्हणजे यकृत. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको, कारण ‘काळीज’ हा शब्दही मुळात यकृताचाच. खाटकाकडे गेलो की आपण आजही त्याच अर्थाने ‘कलेजी’ मागतो. पण ‘साकित हाती’चं शब्दशः ‘काळीज दुखणं’ केलं तर फसगत होते, कारण तिथे त्याचा अर्थ दुःख नाही, मनात डूख धरणं आहे. ‘माणसांबद्दल निराशा’ हे विधान करताना हात या शब्दाकडे वळला तर प्रश्न निराशेचा न राहता रागाचा होईल.

प्रश्नांवर एवढी मेहनत होते आणि उत्तरांकडे दुर्लक्ष होतं, असं मी अनेकदा पाहिलंय. मलय भाषेत ‘जारांग’ म्हणजे क्वचित, ‘कादांग-कादांग’ म्हणजे कधीकधी (तीच द्विरुक्ती, तोच ठेका). इथवर ठीक. पण ‘सलालू’? इंडोनेशियात तो ‘नेहमी’. मलेशियाच्या बोलीत तो बरेचदा ‘पुष्कळदा’ इतकाच असतो, आणि पक्कं ‘नेहमी’ म्हणायचं तर ‘सन्तियासा’ म्हणतात. पाचव्या खणात ‘सलालू’ छापलं तर पाच गुणांची जागा चार गुणांचा अर्थ घेऊन बसेल. दहाही प्रश्नांत हीच चूक दहा वेळा मोजली जाईल. प्रश्नातली चूक एका प्रश्नापुरती असते, उत्तराच्या खणातली चूक सगळ्या बेरजेत शिरते.

मसुदा तयार झाला की तज्ज्ञांपुढे जातो. समजा आठ तज्ज्ञ आहेत. प्रत्येक विधान विषयाला किती लागू आहे याला ते एक ते चार गुण देतात. सात जणांनी तीन किंवा चार दिले तर आठात सात, म्हणजे ०.८८. साधारण ०.७८ च्या खाली गेलेलं विधान परत भट्टीत घालतात. हे झालं विद्वानांचं मत. त्यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि घाईत हीच गाळली जाते. मोजक्या, वेगवेगळ्या थरांतल्या माणसांपुढे फॉर्म ठेवायचा आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारायचं : हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा. हे उत्तर देताना तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? केलांतानमधली मासळी विकणारी बाई, जोहोरमधला कारखान्यातला मुलगा, साबामधली शिक्षिका, जिची घरची भाषा मलय नसून कादाझान असू शकते. ‘मलय भाषिक’ या दोन शब्दांत ही सगळी माणसं येतात. आजींच्या दम्याची गाठ इथेच पडली असती.

यानंतर आकडे येतात. भरपूर माणसांकडून फॉर्म भरून घेतात. जुना ठोकताळा दर प्रश्नामागे पाच ते दहा माणसांचा, म्हणजे दहा प्रश्नांना पन्नास ते शंभर. हल्ली दोनशेच्या वर जाण्याचा प्रयत्न असतो. साथीत हे बहुतेक व्हॉट्सअॅपवरून लिंक पाठवून झालं. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. व्हॉट्सअॅपची लिंक फिरते ती शिकलेल्या, शहरी, तरुण माणसांत. दारावर पांढरं फडकं लावलेल्या घरात मोबाइलचा डेटा शिल्लक होता का? जे सगळ्यात जास्त दमलेले, तेच शितात नसतात.

आकड्यांचा पहिला प्रश्न : दहा विधानं एकमेकांशी जुळून बोलतात का? त्याचं माप म्हणजे ली क्रॉनबाक यांचा ‘अल्फा’, १९५१ सालचा. ०.७० च्या वर असेल तर ठीक मानतात. पण अल्फा जितका मोठा तितकं चांगलं, हा गैरसमज आहे. तो ०.९५ च्या पलीकडे गेला तर बहुधा आपण एकच गोष्ट शब्द फिरवून दहा वेळा विचारतोय. घरातले सगळे एकसुरात ‘हो’ म्हणाले म्हणून माहिती दहापट होत नाही.

दुसरा प्रश्न जरा खोल आहे. समजा ओट्यावर दहा घागरी भरून ठेवल्या आहेत. पाणी कुठून आलं ते आपण पाहिलेलं नाही. चव घेऊन ठरवायचं : सगळं एकाच विहिरीचं, की दोन विहिरींचं? घटक विश्लेषण म्हणजे ही चव घेणं. घागरी म्हणजे दहा विधानं, विहीर म्हणजे आतली न दिसणारी दमणूक. आधी ‘विहीर एकच आहे’ असं ठामपणे मांडायचं आणि मग प्रत्यक्ष उत्तरं त्याच्याशी किती जुळतात ते तपासायचं. जुळणी मोजणाऱ्या आकड्यांपैकी एक ०.९५ च्या आसपास किंवा वर हवा, दुसरा, जो विसंगती मोजतो, ०.०६ च्या आसपास किंवा खाली. हे दंडक १९९९ मध्ये हू आणि बेंटलर यांनी सुचवले. मला उत्सुकता असते ती सातव्या आणि नवव्या घागरीबद्दल, म्हणजे अंगात त्राण नसणं आणि झोप न लागणं. ज्या समाजात मनाचं दुखणं अंगाच्या भाषेत सांगायची सवय आहे, तिथे या दोन घागरींची चव वेगळी लागू शकते. आणि ज्यांना खुद्द कोव्हिड होऊन गेला, त्यांची ती अशक्तपणाची घागर मनाच्या विहिरीची नसून विषाणूची असू शकते.

मग शेजारच्या मापिकांशी ताडून पाहायचं. मलय भाषेत नैराश्य, चिंता आणि ताण मोजणारी २१ प्रश्नांची ‘डास’ ही मापिका साथीच्या बरीच आधीपासून वापरात आहे. कोव्हिडची भीती मोजणाऱ्या सात प्रश्नांच्या मापिकेचं मलय रूपही साथीच्या सुरुवातीलाच साबाच्या विद्यापीठातल्या मंडळींनी तपासून घेतलं होतं. दमणुकीचे गुण यांच्याबरोबर वाढायला हवेत, पण अगदी हातात हात घालून नव्हेत. तसं झालं तर आपण दमणूक नाही, नैराश्यच दुसऱ्या नावाने मोजलं. या दहा विधानांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. उदास, आशाहीन, निरुपयोगी हे शब्द तर नैराश्याच्या कोणत्याही फॉर्मवर सापडतील. हा दोष मलय भाषांतराचा नाही, मूळ रचनेतच आहे, आणि कितीही चांगल्या भाषांतराने तो झाकायचा नाही.

एवढं करूनही एक गोष्ट करता येत नाही, जी वर्तमानपत्रांना हमखास करावीशी वाटते : ‘मलेशियातली माणसं तुर्कांपेक्षा जास्त दमली.’ दोन शिंप्यांच्या टेपांवरचे इंच सारखे आहेत की नाहीत हे न बघता दोन सदऱ्यांची तुलना करण्यासारखं ते आहे. दोन्ही भाषांतली विधानं सारख्याच वजनाने चालतात हे वेगळं सिद्ध करावं लागतं. अमुक गुणांच्या वर ‘धोका’ अशी रेषा तुर्कस्तानातून आणून पेनांगमध्ये आखता येत नाही. आणि ४५ गुण आले म्हणून कुणाला आजारी ठरवताही येत नाही. ती बेरीज म्हणजे या माणसाशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे, अशी खूण.

दहावं विधान मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ‘आता पुरे झालं!’ हे विधान नाहीच, तो उद्गार आहे. मराठीत मी ‘वैताग आलाय, बास आता’ म्हणेन. विदर्भातली माझी मैत्रीण काही वेगळंच म्हणेल. मलय भाषेत ‘ताक ताहान लागी’ हे जवळचं, आता सोसवत नाही. यात व्याकरण नाही, सुस्कारा आहे, आणि सुस्काऱ्याचं उलट भाषांतर करता येत नाही. माणसांसमोर तो म्हणून दाखवायचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं, एवढाच उपाय. इथला ‘उपाय’ मराठी अर्थाने.

कोव्हिडबद्दलचं ते सुरुवातीचं वाक्य आता जुनं झालं आहे. पण दहा विधानांचं धड शिल्लक आहे, आणि पाइन्स यांच्या मापिकेचं झालं तसं त्यावर दुसरं डोकं बसवता येईल. डिसेंबर २०२१ मध्ये, साथ अजून सरली नव्हती तेव्हा, सेलांगोरमध्ये महापूर आला आणि माणसं छपरांवर चढून बोटीची वाट बघत बसली. त्यांच्यासाठी ‘कोव्हिड’च्या जागी ‘पूर’ लिहिणं सोपं आहे. ‘पनात’ तसाच चालेल. ‘सन्तियासा’ही. पण चौथ्या विधानापाशी थांबावं लागेल. ज्या बाईने एक रात्र छपरावर काढली, तिला ‘तुम्हाला किती वेळा तरपरांगकाप वाटतं?’ असं विचारून, ती त्या शब्दाचा काय अर्थ घेते हे तिच्याचकडून पुन्हा ऐकावं लागेल.